सावित्रीबाईंच्या हातगुणाचा तपास

आमच्या कंपनीत रजा नाकारायची तेवीस कारणं आहेत. त्यातलं "तुमच्याशिवाय मशीन चालू होत नाही" हे कारण आजवर एकाच व्यक्तीला मिळालंय, आणि ती व्यक्ती फरशी पुसते.

सावित्रीबाई मूळच्या लातूरकडच्या, राहायला रहाटणीला. कंपनी निघोज्यात. आम्ही गिअर बनवतो. लाइनच्या शेवटी कॅमेऱ्याचं एक मशीन आहे. प्रत्येक गिअर त्याच्यासमोर गोल फिरतो, मशीन त्याचे दात तपासतं आणि किडका दात दिसला की गिअर बाजूला काढतं. हे मशीन बंद म्हणजे एकही गिअर गेटबाहेर नाही. त्याच्या पोटात चौदा वर्षांचा जुना कॉम्प्युटर आहे. ज्याने तो बसवला तो माणूस आता तळेगावला गुलाब पिकवतो आणि फोन उचलत नाही.

गुरुवारी आमच्याकडे लाइट नसते, म्हणून गुरुवारी सुट्टी. त्यामुळे मशीन आठवड्यातून एकदा पूर्ण बंद होतं आणि शुक्रवारी सकाळी चालू करावं लागतं. काम सोपं आहे. हिरवं बटण दाबायचं. अर्ध्या मिनिटाने हिरवा दिवा लागला तर मशीन चालू झालं. लाल लागला तर नाही झालं.

या बटणाचा इतिहास असा. मेंटेनन्सचा ज्योतीराम: नऊ प्रयत्न, यश दोन. मी, मिहिर, कंपनीचा संपूर्ण आयटी विभाग: चार प्रयत्न, यश एक. प्लँट हेड प्रभाकर सर: तीन प्रयत्न, यश शून्य. सावित्रीबाई: एकतीस शुक्रवार, यश एकतीस.

मागच्या वर्षी एका शुक्रवारी आम्ही सगळे हरून चहाला गेलो होतो. परत आलो तर सावित्रीबाई पॅनेल पुसत होत्या आणि हिरवा दिवा लागलेला होता. तेव्हापासून त्या शुक्रवारी साडेसहाला येतात, आम्ही सातला येतो, आणि मशीन चालू असतं. प्रभाकर सरांचा हातगुण वगैरे गोष्टींवर विश्वास नाही. हे त्यांनी मीटिंगमध्ये तीनदा सांगितलं आणि मग "शुक्रवार, स्टार्ट-अप: सावित्रीबाई" असा चार्ट काढून त्याला लॅमिनेशन करून घेतलं.

मंगळवारी सावित्रीबाई रजेचा अर्ज घेऊन केबिनमध्ये आल्या. मी तिथे सरांचा प्रिंटर दुरुस्त करत होतो, म्हणजे कागद भरत होतो.

"शुक्रवारची एक रजा पायजे साहेब. वर्षालीची परेड हाय. पोलिसात लागली ना माझी लेक. ट्रेनिंग संपलं. लातूरला, सकाळी आठला."

सरांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला. चष्मा काढला की नकार येतो.

"सावित्रीबाई, शुक्रवारी ऑडिट आहे. कस्टमरची माणसं साडेसातला त्या मशीनसमोर उभी असणार."

"आन् आठला माझी लेक तिकडं मैदानात उभी असणार."

"शनिवारी जाऊन या ना."

"शनिवारी कोण चालतंय तिथं? नुसतं मैदान बघून येऊ का?"

सरांनी अर्ज उलटा करून मागची बाजूही बघितली. मग त्यांनी जे विचारलं ते त्यांच्या एम.टेक.च्या गाइडने ऐकलं असतं तर डिग्री परत मागवली असती. "तिकडून व्हिडिओ कॉलवर हात दाखवला तर चालेल का?"

दारात ज्योतीराम उभा होता. तो निघोज्याचाच, त्याला विचारल्याशिवाय सल्ला द्यायची वाडवडिलांपासून सवय. "सायेब, यांची सख्खी भन हाय का इचारा. रक्त एकच आसतंय."

"ज्योतीराम, बाहेर."

सावित्रीबाई माझ्याकडे वळल्या. "तू इंजिनेर हायेस ना लेकरा? मग तुझ्या हातात काय हाय?"

माझ्या हातात ए-फोर कागदांचा गठ्ठा होता. तो मी खाली ठेवला आणि म्हणालो, "सर, उद्या संध्याकाळी पाचपर्यंत वेळ द्या. मशीन कोणाच्याही हाताने चालू होईल."

सरांनी चष्मा पुन्हा घातला. "दहा वेळा बंद करायचं, दहा वेळा चालू करायचं. दहा वेगवेगळी माणसं, प्रत्येकाने एकदाच दाबायचं. दहापैकी दहा आलं तर सही करतो. नऊ आलं तर रजा नाही."

गुरुवारी लाइट नाही, म्हणजे जे काय करायचं ते बुधवारीच. सावित्रीबाईंची लातूरची गाडी गुरुवारी सकाळची होती. तिकीट त्यांनी आधीच काढलेलं होतं, कारण आपली रजा मशीनवर अवलंबून असते हे कोणत्याही सामान्य माणसाला सुचत नाही.

बुधवारी सकाळी मी आधी झालेल्या संशोधनाचा आढावा घेतला. ज्योतीरामने जूनमध्ये सावित्रीबाईंसारख्या हिरव्या बांगड्या घालून बटण दाबलं होतं. लाल दिवा. बांगड्या निघेनात म्हणून बेअरिंगचं ग्रीस वापरावं लागलं. क्वालिटीच्या अनुयाने हात ओला करून दाबलं होतं. लाल दिवा, आणि वर हलकासा शॉक. मी स्वतः उजवीकडे तोंड करून, डावीकडे तोंड करून आणि एकदा तोंडच न करता दाबलं होतं.

एकच गोष्ट कोणी केली नव्हती. ती मी केली.

"मावशी, तुम्ही नक्की काय करता?"

"बटण दाबते."

"कसं?"

"बोटानं."

"मग हिरवा दिवा लागतो?"

"लगीच कुठला? लाल लागतो. मंग पुन्यांदा दाबते."

मी हातातला चहा खाली ठेवला. "किती वेळा?"

"चालू होईस्तोवर," सावित्रीबाई म्हणाल्या. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना काळजी वाटली असावी. "कामून? तुमी किती वेळा दाबता?"

आम्ही एकदा दाबतो. कारण भिंतीवर कामाची पद्धत लिहून लावलेली आहे, आणि तिच्या सहाव्या ओळीत असं आहे की मशीन पहिल्या दाबाला चालू न झाल्यास पुन्हा बटण दाबू नये, लाल टॅग लावावा, मेंटेनन्सला बोलवावं. ज्योतीराम येतो, पॅनेल उघडतो, आत बघतो, पॅनेल बंद करतो, चाळीस मिनिटांचा फॉर्म भरतो आणि एकदा बटण दाबतो. या पद्धतीचं ट्रेनिंग आम्हा सगळ्यांना झालंय. हाउसकीपिंगला झालेलं नाही.

मी धावत जाऊन मशीनच्या नोंदी उघडल्या. आमच्याकडे नोंदी फक्त लाल टॅग लागला तरच बघतात, आणि शुक्रवारी टॅग लागतच नव्हता. एकतीस शुक्रवार तिथे ओळीने मांडलेले. फेल, फेल, फेल, फेल, ओके. फेल, फेल, ओके. श्रावणातल्या एका शुक्रवारी एकोणीस वेळा फेल आणि मग ओके.

"त्या दिशी उपास व्हता," सावित्रीबाई माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या. "मधी टेकले जरा."

प्रत्येक फेलपुढे कारणही छापलेलं होतं: सलग जागा मिळाली नाही. मला एकदम सगळं दिसलं आणि मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. माझी खुर्ची चाकांची आहे, ती मागे जाऊन अनुयाला लागली.

"हळू रे!"

"अनुया, सापडलं! मावशी, चाकण रोडला प्लॉटिंग बघितलंय ना? चुन्याने आखलेले प्लॉट. घर एकही नाही, नंबर मात्र सगळ्यांना."

"आमच्या भावजीनं घेतलाय की एक. अजून शोधायलेत."

"कॉम्प्युटरच्या पोटात तसंच असतं. खरी मेमरी थोडीच, पण पत्ते चार हजार प्लॉटचे आखलेले. ते वाटणारा एक तलाठी असतो, कर्नल म्हणतात त्याला. आपला गिअर तपासणारा प्रोग्रॅम त्याच्याकडे जातो आणि म्हणतो, मला साडेसतराशे प्लॉट द्या, पण सलग. मध्ये कोणाची बोअरवेलसुद्धा नको."

"एवढे कशाला?"

"गुलाबवाल्याने लिहून ठेवलंय. वापरतो सहाशेच."

"आमच्या नणंदेनं हॉल आसाच घेतलता. हजाराचा हॉल, आले दीडशे."

"आता हा तलाठी काय करतो, प्रत्येक वेळी बटण दाबलं की सगळी आखणी थोडी इकडेतिकडे सरकवतो. कुठलं घर कुठे आहे हे चोराला कळू नये म्हणून. कधी साडेसतराशे सलग बसतात. बहुतेक वेळा पाचदहा कमी पडतात. कमी पडले की लाल दिवा."

सावित्रीबाईंनी विचार केला. "म्हंजे मी दर बारीला नवी मोजणी मागवत व्हते."

"फी न भरता."

प्रभाकर सरांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते पाच सेकंद आनंदले. मग सहाव्या ओळीकडे बघत म्हणाले, "पण पुन्हा दाबता येत नाही. ही पद्धत कस्टमरने मंजूर केलीय. बदलायची तर त्यांची परवानगी, पंचेचाळीस दिवस."

"म्हणजे सर, भिंतीवरची ओळ बदलायला पंचेचाळीस दिवस, आणि कर्नल बदलायला?"

"त्याला माझी तोंडी परवानगी पुरते."

म्हणून मी कर्नल बदलायला घेतला.

पहिला उपाय दोन मिनिटांचा होता. आखणी सरकवायचं बंद करायचं. एका फाइलमध्ये दोनच्या जागी शून्य लिहिलं आणि ज्योतीरामला म्हणालो, दाब. त्याने दाबलं. हिरवा! पुन्हा बंद करून मी दाबलं. हिरवा! सलग सहा वेळा हिरवा. ज्योतीरामने मला कमरेला धरून उचललं, "मिहिरभाऊ, तू तर बाजार उठावलास राव!" आणि लेथवरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. बारा वाजले होते. मी मनातल्या मनात सत्काराची शाल निवडत होतो.

अनुया एक कागद घेऊन आली. तिने तो कागद हळूहळू वाचला, म्हणजे बातमी वाईट होती. "ऑडिटची यादी. मुद्दा चौदा. कॉम्प्युटरमधील पत्त्यांची अदलाबदल चालू असल्याचे दाखवावे."

"म्हणजे मी आत्ता जे बंद केलं तेच?"

"तेच."

"चोर निघोज्यात येऊन आपल्या गिअरचे दात मोजणारे का?"

"चौदावा मुद्दा आहे, मिहिर. तेराव्यात उंदरांचे पिंजरे आहेत. तेही आपण लावलेत."

ज्योतीरामने मला खाली ठेवलं. मी शून्य पुसून पुन्हा दोन लिहिलं. बटण दाबलं. लाल.

जेवणाची सुट्टी झाली. सावित्रीबाईंनी डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या भातावर घातली. त्यांनी तिकिटाचा विषय काढला नाही, म्हणून मला तो फारच ऐकू येत होता.

"एक सांग लेकरा," त्या म्हणाल्या. "प्लॉट चार हजार म्हनलास. त्यो मागतोय साडेसतराशे. मंग कमी कसे पडतेत?"

"कारण निम्मे तलाठ्याने स्वतःला राखून ठेवलेत. दोन हजार त्याचे, दोन हजार आपले."

"दोन हजार? एकट्याला? कामून? हाय केवढा त्यो?"

मी घास तसाच हातात धरून बसलो.

केवढा आहे तो? मशीनमधली खरी मेमरी एक जीबी, म्हणजे हजारेक प्लॉट. तलाठ्याला हजारात भागायला हवं. ही निम्मी-निम्मी वाटणी गुलाबवाल्याने चौदा वर्षांपूर्वी केली होती आणि तेव्हापासून कोणी विचारलंच नव्हतं. हजार त्याला, तीन हजार प्रोग्रॅमला! तीन हजारात आखणी कितीही सरकवा, साडेसतराशे सलग निघणारच, आणि अदलाबदल चालूच राहील, म्हणजे चौदावा मुद्दाही खूश!

"मावशी!" मी ओरडलो. भात उडाला.

पण ही वाटणी फाइलमध्ये आकडा लिहून बदलत नाही. त्यासाठी कर्नल मुळापासून नव्याने बांधावा लागतो, आणि त्याचा मूळ मजकूर एका सीडीवर होता, पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेली. सीडी ही वस्तू मी शाळेत असताना पाहिली होती. अख्ख्या कंपनीत सीडी वाचणारं यंत्र नव्हतं. ज्योतीराम म्हणाला, "माझ्या चुलतभावाचा फोटू स्टुडिओ हाय. लग्नाच्या शिड्या अजून बनवतोय त्यो." त्याच्या बुलेटवरून आम्ही गावात गेलो. चुलतभावाने कोणाच्या तरी हळदीचं एडिटिंग थांबवून आमचा कर्नल पेनड्राइव्हवर काढून दिला आणि वर विचारलं, "गाणं टाकू का मागं?"

दोन वाजता माझ्या लॅपटॉपवर बांधणी सुरू झाली. लॅपटॉपचा पंखा एवढा जोरात फिरू लागला की अनुयाने त्याच्यासमोर ओला रुमाल वाळत घातला. तीनला बांधणी संपली. नवा कर्नल मशीनमध्ये घातला, मशीन उठलं, ज्योतीरामने बटण दाबलं.

प्रोग्रॅमला साडेसतराशे प्लॉट मिळाले. पहिल्या फटक्यात, सलग. आणि कॅमेरा मेला.

स्क्रीन काळी. लाल दिवा. प्रभाकर सर केबिनच्या काचेमागून बघत होते. त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. मला घड्याळ दिसत होतं.

"काय झालं?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"एक विसरलो. कॅमेऱ्याचे फोटो तलाठ्याच्या बाजूला उतरतात. त्याला तिथे दोनशे प्लॉट लागतात. आधी तलाठ्याकडे दोन हजार होते, कोणाला जाणवलं नाही. आता हजारातले पावणेनऊशे त्याच्याच घरात गेले. उरले सव्वाशे."

"मंग वाढव की."

"कसं, तेच बघतोय."

मी नोंदींच्या शेवटच्या ओळी बघितल्या, आणि तिथे कर्नलने स्वतःच लिहून ठेवलं होतं: जागा पुरली नाही, ती वाढवायची असेल तर सुरुवातीच्या ओळीत हा शब्द लिहा आणि पुढे आकडा टाका. शब्दसुद्धा दिला होता. या कंपनीत मी तीन वर्षं आहे. काय चुकलंय आणि काय करायचं हे एका वाक्यात सांगणारं मला इथे भेटलेलं हे पहिलंच कोणीतरी.

मी तो शब्द लिहिला. पुढे दोनशे छप्पन्न. मशीन बंद. मशीन चालू. ज्योतीरामने बोट पुढे केलं आणि मागे घेतलं, "माझा हात भरवशाचा न्हाई राव," मग डोळे मिटून दाबलं.

हिरवा. कॅमेरा जिवंत. स्क्रीनवर गिअर गोल फिरत होता, बत्तीस दात, सगळे शाबूत.

चार वाजून दहा मिनिटांनी दहाची मोजणी सुरू झाली. प्रत्येक वेळी पूर्ण बंद, पूर्ण चालू, नवं माणूस, एकच दाब. पहिली अनुया. हिरवा. दुसरा पॅकिंगचा सयाजी. हिरवा. तिसऱ्यापर्यंत लेथ थांबले, चौथ्यापर्यंत कॅन्टीन रिकामं झालं, पाचव्याला गेटवरचा वॉचमन रांगेत उभा होता आणि गेट उघडं होतं. लोक कबड्डीसारखे आकडे ओरडत होते. सहा! सात! सातव्याला दिवा लागायला उशीर झाला आणि साठ माणसांनी एकाच वेळी श्वास रोखला. मग कळलं की वॉचमनचं ढेरपोट दिव्यासमोर होतं. आठ! नऊ!

दहावं कोण? "सावित्रीबाई! सावित्रीबाई!" सगळे ओरडायला लागले. अनुयाने त्यांना पुढे ढकललं.

"ह्या!" सावित्रीबाईंनी दोन्ही हात पदराखाली घातले. "मी दाबलं की पुन्ना माझ्याच नावावर. मी न्हाई दाबणार." त्या वळल्या. "साहेब, तुमी या."

"मी?" प्रभाकर सर दोन पावलं मागे गेले. "माझं रेकॉर्ड तुम्हाला माहितीये."

"म्हनून तर. तुमचा हात समद्यात वंगाळ. तुमच्या हातानं झालं म्हंजे खरं झालं."

प्लँट हेडला असं कोणी बोललेलं आम्ही पाहिलं नव्हतं, आणि ते इतकं तर्कशुद्ध असेल असं सरांनाही वाटलं नसावं. ते पुढे आले. तर्जनी पँटला पुसली. बटणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, "सर, नुसतं दाबा. विचार करू नका."

त्यांनी दाबलं.

अर्धं मिनिट हे फार मोठं असतं. पाच सेकंद. दहा. सरांचं बोट बटणावरच होतं. "काढा बोट," मी कुजबुजलो. "काढलं तर जाईल," ते कुजबुजले. पंधरा. वीस. ज्योतीराम काहीतरी पुटपुटत होता, त्यात खंडोबा होता. पंचवीस. अठ्ठावीस.

हिरवा.

आवाज एवढा झाला की शेजारच्या कंपनीतून कोणीतरी कंपाउंडवर चढून विचारलं, बोनस जाहीर झाला का. प्रभाकर सर दिव्याकडे बघत उभे होते. त्यांनी चष्मा काढला, आणि पहिल्यांदाच त्यानंतर नकार आला नाही, डोळे पुसले आणि म्हणाले, "माझ्या हाताने चालू झालं." मग मशीनवरच अर्ज ठेवून सही केली. चार वाजून बावन्न मिनिटं.

शुक्रवारी साडेसातला ऑडिटवाले दोघं मशीनसमोर आले. बटण सरांनी दाबलं. आता ते दुसऱ्या कोणाला दाबूच देत नाहीत. हिरवा दिवा. मुद्दा चौदा, टिक.

आठ वाजून पाच मिनिटांनी माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर आधी आकाश, मग सावित्रीबाईंचं अर्धं कपाळ, मग मैदान. बँडचा आवाज, आणि रांगांवर रांगा, सगळ्या खाकीत, एकसारख्या पावलात.

"दिसायलं का रे?"

"दिसतंय! वर्षाली कुठली?"

"थांब लेकरा, मलाच कळंना. समद्या सारख्याच दिसायल्यात."

ज्योतीराम, अनुया आणि सर माझ्या डोक्याभोवती जमले. ऑडिटवाल्यातला एक जण मुद्दा सोळा सोडून आत घुसला. फोन डावीकडून उजवीकडे सरकत होता, एक रांग, दुसरी रांग. आम्ही सगळे ओळखही नसलेली एक मुलगी शोधत होतो.

"ती! ती बघा! दुसऱ्या रांगेत, हात समद्यात वर जायलाय ती! आगं वर्षे!" फोन हलला, पुन्हा आकाश आलं, आणि आकाशातून सावित्रीबाईंचा आवाज येत राहिला, "माझी हाय ती, बाई, माझी! सरका जरा, बघू द्या की!"

मशीनचं त्यांनी विचारलंच नाही.